उतारशाळेचा खर्च

दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलै या दोन दिवशी भारत आणि पाकिस्तान ही दोन राष्ट्रे एकमेकांच्या हाती एक यादी ठेवतात. आपल्या तुरुंगांत तुमचे किती नागरिक आहेत आणि त्यांची नावे काय, हे २००८ सालच्या एका करारानुसार परस्परांना कळविण्याची ही रीत आहे. सामान्य कैद्यांची यादी वेगळी असते आणि मच्छीमारांची वेगळी. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथे २६ निरपराध माणसांची हत्या झाली, अटारीचे फाटक बंद झाले, व्हिसा रद्द झाले. मे महिन्यात दोन्ही बाजूंची शस्त्रे धडधडली. तरीही १ जुलै उजाडला तेव्हा याद्यांची देवाणघेवाण झालीच. त्या दिवशीच्या यादीप्रमाणे पाकिस्तानच्या तुरुंगांत भारतीय असलेले अथवा भारतीय समजले जाणारे १९३ मच्छीमार होते आणि आपल्या तुरुंगांत त्यांचे ८१.

वृत्तपत्रांत ही बातमी चार ओळींत संपते आणि वाचणारा पान उलटतो. परंतु आपल्याच किनाऱ्यावर अशी घरे आहेत, जिथे त्या चार ओळींसाठी सहा सहा महिने वाट पाहिली जाते. पावसाळा सरला की पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरीकडचे अनेक गरीब तरुण खलाशी म्हणून गुजरातच्या बोटींवर जातात. ओखा, पोरबंदर, वेरावळ या बंदरांतून बोटी मासळीच्या मागे उत्तरेला सरकतात. कच्छच्या दलदलीतील सर क्रीक या खाडीवरून दोन्ही देशांत जुना वाद असल्यामुळे तेथील सागरी हद्द आजवर उभयमान्य झालेली नाही. पाण्यावर तर रेघ कोणालाच ओढता येत नाही. तांडेलाला वाटते आपण आपल्याच पाण्यात आहोत. तोवर गस्तीची नौका आडवी येते, बोट जप्त होते आणि खलाशी कराचीच्या मलीर तुरुंगात जाऊन पडतात. शिक्षा काही महिन्यांची असते. पण हा मनुष्य खरोखर तुमचाच काय, ही ओळख पटविण्याच्या कागदी व्यवहारात वर्षे निघून जातात.

शाळेतून निवृत्त झाल्यावर, भारत आणि पाकिस्तान यांच्या जनतेत मैत्री व्हावी म्हणून झटणाऱ्या मंडळींत मी स्वयंसेवक म्हणून जाऊ लागलो. स्वयंसेवक हा शब्द मोठा वाटतो, काम मात्र अगदी कारकुनी आहे. शिधापत्रिकेची झेरॉक्स काढायची, सरपंचाचा दाखला आणायचा, अर्ज लिहायचा. यादीत आलेले नाव आणि शिधापत्रिकेवरील नाव एकाच माणसाचे आहे, हे पटवून द्यायचे. कारण वारली पाड्यावरचे नाव कराचीच्या चौकीत उर्दू लिपीत उतरते, तेथून इंग्रजीत येते, आणि परत येते तेव्हा त्याच्या आईलाही ते ओळखता येत नाही. या कामात मला दोन प्रश्न विचारले गेले. दोहोंचेही उत्तर मला त्या वेळी देता आले नाही. हा लेख त्या दोन प्रश्नांविषयी आहे.

पहिला प्रश्न एका खलाशाच्या पत्नीचा. अर्जावर अंगठा उमटवून झाल्यावर तिने मला सरळ विचारले, ‘‘गुरुजी, तुमची त्या लोकांशी मैत्री आहे म्हणतात. मग माझा माणूस का सोडत नाहीत?’’ तिच्या बोलण्यात उपरोध मुळीच नव्हता. मैत्री म्हणजे वजन, शब्द टाकण्याचा अधिकार, असे तिला साधेपणाने वाटत होते. माझा शब्द कोठेही चालत नाही, हे तिला सांगताना मला लाज वाटली.

दुसरा प्रश्न आमच्याच धर्मग्रामातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांचा. त्यांच्या नात्यातील एक तरुण २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत मारला गेला. पुढे काही वर्षांनी, तपस्याकाळातील एका सभेत मला मैत्रीच्या कार्यावर बोलायला सांगितले होते. बोलण्याच्या भरात मी म्हणून गेलो, ‘‘आपण त्यांना क्षमा केली आहे, आता मैत्रीचा हात पुढे करू या.’’ टाळ्याही पडल्या. सभा संपल्यावर ते गृहस्थ माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, ‘‘मास्तर, क्षमा करायची ती आम्ही. तुम्ही परस्पर कशी करून टाकलीत?’’ एवढे बोलून ते निघून गेले. त्या रात्री मला झोप आली नाही, कारण त्यांचे म्हणणे खरे होते.

दुसऱ्याच्या जखमेची क्षमा मी करू शकतो काय? या प्रश्नाशी ख्रिस्तसभेची एकदा मोठी गाठ पडली होती. १८ नोव्हेंबर १९६५ रोजी, दुसरी व्हॅटिकन परिषद समाप्तीला आली असताना, पोलंडच्या महागुरूंनी जर्मनीच्या महागुरूंना एक पत्र पाठविले. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे सुमारे ६० लाख नागरिक मृत्युमुखी पडले होते. त्यांतील जवळजवळ निम्मे ज्यू होते. युद्ध संपून अवघी वीस वर्षे झाली होती. अशा वेळी त्या पत्रात जर्मन जनतेला क्षमा देऊ केली होती आणि त्याच श्वासात तिची क्षमा मागितलीही होती. कारण युद्धानंतर लक्षावधी जर्मनांनाही आपली घरेदारे सोडून परागंदा व्हावे लागले होते. पोलंडच्या साम्यवादी सरकारने या पत्राविरुद्ध रान उठविले. कोणाच्या वतीने क्षमा केलीत, असा सवाल झाला. पत्रावर सही करणाऱ्यांत क्राकूवचे महागुरू कारोल वोयतिवा, म्हणजे पुढचे संत पोप जॉन पॉल दुसरे, हेही होते. युद्धकाळात ज्या सोल्वे कारखान्यात त्यांनी मजुरी केली होती, त्याच कारखान्यातील कामगारांच्या नावाने त्यांचा जाहीर निषेध करणारे पत्र प्रसिद्ध करण्यात आले. जर्मनीकडून आलेले उत्तरही सावध होते.

त्या सवालामागे सरकारचे राजकारण होते, हे उघड आहे. तरी सवाल पोकळ नव्हता. पुष्कळ विचार केल्यावर मला असे वाटू लागले, की त्या महागुरूंच्या शब्दाला दोन गोष्टींनी बळ आले. एक तर ते स्वतः त्या आगीतून गेलेले होते. त्यांचे अनेक धर्मगुरू-बांधव डाखाउच्या छळछावणीत मेले होते. क्षमा हा जखमेचा अधिकार आहे आणि तो त्यांच्यापाशी होता. दुसरे असे, की त्यांनी नुसती क्षमा केली नाही, मागितलीही. क्षमा करणारा उंच आसनावर बसू शकतो. मागणाऱ्याला खाली उतरावेच लागते. माझ्या त्या भाषणात यांतले काहीच नव्हते. माझ्या घरातले कोणी गेले नव्हते आणि मी काही मागितलेही नव्हते. दुसऱ्याच्या दुःखातून मी उदारपणे दान केले होते. मैत्रीचे काम करणाऱ्याने हा मोह प्रथम टाळला पाहिजे. ज्यांचे माणूस गेले आहे, त्यांना क्षमेची घाई करणे ही एक प्रकारची क्रूरताच आहे.

मग क्षमा करण्याचा अधिकार नसलेल्या माणसाने काय करावे? दोन देशांतील सारे हिशेब चुकते होईपर्यंत हात बांधून बसावे काय? येथे मला प्रभू येशूने सांगितलेला शोमरोनी माणसाचा दाखला नव्याने वाचावा लागला. लहानपणापासून आपण तो दयेची गोष्ट म्हणून ऐकत आलो. पण यहुदी आणि शोमरोनी हे दोन शेजारी समाज होते, हे आपण विसरतो. एकाच पूर्वजांचे नाव सांगणारे, एकाच मोशेचे नियमशास्त्र मानणारे आणि तरीही एकमेकांचे पाणी न पिणारे. यरुशलेमचे मंदिर खरे की गरिज्जीम डोंगरावरील उपासना खरी, हा त्यांचा शतकांचा तंटा होता, आणि त्या तंट्यात दोहोंकडून मंदिरांची विटंबनाही झाली होती. शोमरोनी प्रवाशाने तो तंटा सोडविला नाही. यहुद्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले नाही. जखमी मनुष्याला त्याचे मत विचारले नाही, आपलेही सांगितले नाही. त्याने जखमा बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसविले, उतारशाळेत नेले, आणि दुसऱ्या दिवशी दोन नाणी काढून उतारशाळेच्या माणसाला दिली. अधिक खर्च झाला तर परत येताना फेडीन, असेही सांगून गेला.

या शेवटच्या भागाकडे माझे कधी लक्षच गेले नव्हते. दया क्षणात उत्पन्न होते. परंतु उतारशाळेचा खर्च रोजचा असतो. शोमरोन्याने दयेला हिशेबाची आणि परत येण्याच्या वचनाची जोड दिली. दोन शत्रुदेशांतील मैत्री-संस्था ही माझ्या मते अशी एक उतारशाळा आहे. दरोडेखोरांना पकडणे हे तिचे काम नव्हे. ते राज्यकर्त्यांचे आणि न्यायालयाचे. रस्ता सुरक्षित करणे हेही तिच्या आवाक्याबाहेरचे. रस्त्यात पडलेल्या माणसासाठी एक दार उघडे ठेवणे आणि त्याचा खर्च सोसणे, एवढेच तिचे काम. तो खर्च पैशाचा थोडा आणि वेळेचा, कंटाळ्याचा व लोकांच्या संशयाचा अधिक असतो.

हा खर्च ज्यांनी सोसला, ती माणसे भोळी होती असे कोणी म्हणू नये. १९९४ साली लाहोरला दोन्ही देशांतील काही मंडळी जमली आणि त्यातून ‘पाकिस्तान-इंडिया पीपल्स फोरम फॉर पीस अँड डेमोक्रसी’ ही संस्था उभी राहिली. १९९५ च्या फेब्रुवारीत दिल्लीला तिचे पहिले संयुक्त अधिवेशन भरले. तिच्या भारतातील धुरीणांत ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास होते. मुंबईच्या माटुंग्याला जन्मलेल्या या अधिकाऱ्याने १९७१ च्या युद्धात ‘बियास’ या युद्धनौकेचे नेतृत्व केले, वीरचक्र मिळविले आणि पुढे नौदलप्रमुखपद भूषविले. निवृत्तीनंतर ते अलिबागजवळच्या खेड्यात शेती करीत राहिले आणि उरलेले आयुष्य त्यांनी शांततेच्या कामाला दिले. २००४ साली त्यांना आणि पाकिस्तानचे पत्रकार व मानवी हक्कांचे कार्यकर्ते आय. ए. रेहमान यांना मिळून मॅगसेसे पुरस्कार देण्यात आला. रेहमान २०२१ मध्ये गेले, रामदास २०२४ मध्ये. ज्याने शत्रूशी प्रत्यक्ष युद्ध केले, त्याला शत्रू म्हणजे काय हे तुम्हां-आम्हांपेक्षा अधिक ठाऊक असते.

दुसरे नाव निर्मला देशपांडे यांचे. नागपूरच्या, मराठी साहित्यिक पु. य. देशपांडे यांच्या कन्या. विनोबांच्या भूदानयात्रेत गावोगाव पायी हिंडलेल्या. १९९९ च्या कारगिल युद्धाच्या जखमा ओल्या असताना, मार्च २००० मध्ये, त्या महिलांची बस घेऊन लाहोरला गेल्या. १ मे २००८ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या अस्थींचा काही भाग पाकिस्तानात सिंधू नदीत विसर्जित करण्यात आला. पाकिस्तानने मरणोत्तर त्यांचा नागरी सन्मान केला. तरीही २००८ च्याच नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला होता. निर्मलाताईंची बस फुकट गेली काय? बस गेली नसती तर हल्ला टळला असता असे नाही, आणि बस गेली म्हणून तो थांबावा असेही नव्हते. मैत्रीकडून आपण जामिनाची अपेक्षा करतो आणि मग ती फसली म्हणून तिला दोष देतो.

आता मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. इतकी वर्षे मी याद्या पाहत होतो, पण नेहमी एकच. पाकिस्तानने दिलेल्या यादीतली नावे मी बोटाने शोधीत जाई. आपल्या सरकारने दिलेल्या यादीत किती आकडा आहे, हे मी कधी नीट वाचलेही नाही. एके दिवशी दुसऱ्या एका स्वयंसेवकाने सहज विचारले, ‘‘आपल्याकडच्या तुरुंगात त्यांचे किती, हो?’’ आणि मला उत्तर आले नाही. मी मैत्री-संस्थेत काम करीत होतो. पण मनात मात्र आपल्याच माणसांच्या सुटकेची संस्था चालवीत होतो. आपल्या माणसांसाठी धडपडणे हे चांगलेच आहे, पण तेवढ्याला मैत्री म्हणता येत नाही. मैत्रीची कसोटी त्या दुसऱ्या यादीत आहे. १९३ जणांसाठी माझ्या जिवाचा जसा थरकाप होतो, तसा ८१ जणांसाठी थोडासा तरी होतो काय? कराचीजवळ इब्राहिम हैदरी नावाची मच्छीमारांची मोठी वस्ती आहे. तिथेही दर्यावर गेलेल्या माणसाची वाट पाहणारी एखादी बाई असेल आणि तिच्याही कागदांवरचे नाव आपल्या चौकीत पोहोचताना बिघडले असेल.

तो देश आपल्याला जितका परका वाटतो तितका तो आहे काय, हाही विचार करण्यासारखा आहे. १९४८ पर्यंत कराची हा मुंबईच्या महाधर्मप्रांताचाच भाग होता. तेथील सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलमध्ये गोव्याहून गेलेल्या कुटुंबांच्या पिढ्यांनी प्रार्थना केली. पाकिस्तानचे पहिले कार्डिनल, जोसेफ कोर्देरो, हे गोवेकर घराण्यातले आणि जन्माने मुंबईचे. आपल्या आजोबांच्या हयातीत जे एकाच महागुरूंच्या छत्राखाली होते, ते आज एकमेकांना पत्र लिहायलाही कचरतात. हद्द जरूर असावी. राष्ट्राला हद्दीवाचून चालत नाही. पण प्रार्थनेला आणि चौकशीलाही ती लागू होते, असे कोणत्याही धर्मशास्त्रात सांगितलेले नाही.

उलट बाजूही मांडली पाहिजे. या कामात दिखाऊपणाचा धोका आहे. सीमेवर मेणबत्त्या लावणे, शाली पांघरणे, एकमेकांच्या जेवणाची तारीफ करणे, यात वाईट काही नाही. एका मेणबत्तीनेही कोणाचे तरी मन उजळते. पण तेवढ्यावर थांबणारी मैत्री ही उतारशाळेत न जाता रस्त्यावरच जखमीला गोड शब्द सांगून पुढे निघून जाण्यासारखी होय. दुसरा धोका असत्याचा. मित्राला बरे वाटावे म्हणून त्याच्या भूमीवरून आलेल्या मारेकऱ्यांविषयी गप्प बसणे हा मैत्रीचा नव्हे, भिडेचा प्रकार आहे. जो स्वयंसेवक पलीकडच्या मित्राला सत्य सांगू शकत नाही, आणि स्वतःच्या देशाचेही चुकले तर बोलू शकत नाही, त्याने उतारशाळेची किल्ली दुसऱ्याकडे द्यावी हे बरे.

काही दिवसांनी मी त्या वडीलधाऱ्या गृहस्थांच्या घरी गेलो आणि माझ्या शब्दांबद्दल त्यांची क्षमा मागितली. तेवढी मागण्याचा अधिकार मला होता. त्यांनी चहा दिला. मुंबईवरील हल्ल्याबद्दल बोलता बोलता ‘कुबेर’ बोटीचा विषय निघाला. त्या मारेकऱ्यांनी भर समुद्रात पोरबंदरची ही मासेमारी बोट बळकावली. तिच्यावरच्या चार खलाशांना आणि शेवटी तांडेलालाही त्यांनी ठार केले. मुंबईत पहिली गोळी सुटण्यापूर्वीच पाच गरीब दर्यावर्दी मेले होते. गृहस्थ बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘त्या पाच जणांची आठवण कोणी काढीत नाही.’’ निघताना त्यांनी विचारले, ‘‘डहाणूकडच्या त्या बाईचा माणूस आला का, मास्तर?’’ मी म्हटले, ‘‘अजून नाही.’’

ते आजही आमच्या सभांना येत नाहीत. त्यांनी यावे असे मी म्हणत नाही. त्यांचे दुःख माझ्या कामाचे साधन नाही. पण मला त्यांच्या त्या प्रश्नात मैत्रीचे खरे रूप दिसले. त्यांनी क्षमा केलेली नव्हती, कोणते मतही बदललेले नव्हते. तरी स्वतःच्या जखमेवरून नजर उचलून त्यांनी एका अनोळखी माणसाची चौकशी केली. शेजारधर्म याहून निराळा काय असतो?

त्या खलाशाच्या पत्नीला द्यायचे उत्तरही आता माझ्याजवळ आहे, जरी ते तिचे पोट भरणारे नसले. बाई, आमच्या मैत्रीत तुझ्या माणसाला सोडविण्याचे बळ नाही. पण दोन सरकारांच्या भांडणात तो केवळ एक आकडा होऊन राहू नये, त्याचे नाव नीट लिहिलेले असावे, कोणीतरी ते दर सहा महिन्यांनी यादीत शोधावे, आणि पलीकडेही तसेच शोधणारा एखादा माणूस असावा, एवढे मात्र आम्ही करू शकतो. तेवढे आम्ही करीत राहू.

यादी पुन्हा येईल. या खेपेला मी दोन्ही वाचीन, आधी त्यांची आणि मग आपली.